फोनवर नाव कुणाचं उमटतं?

(लातूर येथे बचतगटांतील स्त्रियांच्या मेळाव्यात नांदेडच्या एका वकील कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

सकाळी नांदेडहून एसटीने निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत इथे पोचेपर्यंत उशीरच झाला. तरी सभेत यायच्या आधी बाहेर मांडलेल्या तुमच्या टेबलांवर जाऊन आले. पाच ठिकाणी खरेदी केली. येसराचं पाकीट घेतलं, खारोड्या घेतल्या, उडदाचे पापड, शेंगदाण्याची चटणी आणि एक गोधडीकामाची पिशवी. पैसे सगळीकडे फोनवरूनच दिले. तुम्ही ज्याला स्कॅनर म्हणता तो चौकटीचा कागद प्रत्येक टेबलावर चिकटवलेला आहे. तो फोनने टिपला की पैसे जाण्याआधी पडद्यावर एक नाव उमटतं. पाचांपैकी चार ठिकाणी पुरुषाचं नाव उमटलं. एका मावशींना विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, "पोरगं हाय माझं. त्याच्याच मोबाईलवर हाय सगळं. मला काय कळतंय त्यातलं?" आणि हसल्या.

मीही हसले. पण आज मला त्या नावाबद्दलच बोलायचं आहे. मला सांगितलेला विषय होता 'ऑनलाइन व्यवसाय आणि कायदा'. त्यात कलमं पुष्कळ आहेत. ती सगळी वाचून दाखवली तर तुम्ही झोपाल. त्यापेक्षा माझ्याकडे आलेल्या एका बाईची हकीकत सांगते.

ती देगलूर तालुक्यातली. नवरा वारला तेव्हा पदरात दोन मुली. काळा मसाला आणि येसर तिच्या हातचा फार चांगला व्हायचा. आधी गावात विकायची, मग आठवडी बाजारात. धाकट्या दिराने सांगितलं, वहिनी, आपण हे फोनवर टाकू. त्याने फेसबुकवर पान काढलं, व्हॉट्सॲपवर गट केला, फोटो टाकले. पुण्याहून, हैदराबादहून मागणी यायला लागली. दीर काही वाईट माणूस नव्हता. त्याला मोबाईल कळत होता, हिला मसाला कळत होता. म्हणून सिमकार्ड त्याच्या नावावर, बँकेचं खातं त्याचं, स्कॅनर त्याचा, अन्न नोंदणीच्या अर्जावर फोटो आणि आधारही त्याचंच. तीन वर्षं घर त्यावर चाललं. मग हिशेबावरून कुरबूर झाली आणि एक दिवस त्याने तिला गटातून काढून टाकलं. मसाला दुसरीकडून दळून आणायला लागला. पाकीट तेच, नाव तेच.

माझ्याकडे आली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. "ताई, मसाला माझा, हात माझे, अन् दुकान त्याचं कसं काय झालं?"

मी कागद मागितले आणि एकेक बघत गेले. जिथे जिथे नाव लिहायची जागा होती तिथे दिराचं नाव होतं. धंदा नवऱ्याच्या नावावर असता तर हिंदू वारसा कायद्याने विधवा आणि मुली पहिल्या वर्गातल्या वारस ठरल्या असत्या, दिराचा तिथे संबंध आला नसता. पण धंदा जिवंत दिराच्या नावावर होता. मग ही कोण? मालकीण नाही. नोकर म्हणावं तर पगाराची पावती नाही.

जमिनीच्या बाबतीत हे आपण पाहिलेलं आहे. राबणारी बाई आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं. शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला, गावोगाव शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला. १९९४ साली महाराष्ट्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, २००५ साली तो देशभर मिळाला. आणि किल्लारीच्या भूकंपानंतर यादीत नाव असणं म्हणजे काय, हे तर इथल्या मावश्यांना मी सांगायला नको. इतकं सगळं झाल्यावर आता नवा सातबारा तयार होतो आहे. तो फोनमध्ये आहे. सिम कुणाचं, खातं कुणाचं, पानाचा पासवर्ड कुणाकडे, नोंदणी कुणाची, हे त्याचे रकाने. आणि आपण तो आपल्याच हाताने पुरुषांच्या नावावर करून देतो आहोत.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगते. भागीदारीचा कायदा १९३२ सालचा आहे. त्यात भागीदारी लेखीच पाहिजे असं म्हटलेलं नाही. दोघांनी मिळून धंदा केला, नफा वाटून घेतला, एकमेकांच्या वतीने व्यवहार केले, तर तोंडीसुद्धा भागीदारी असू शकते. नोंदणी नसलेल्या भागीदाराला बरेच दावे लावता येत नाहीत, पण भागीदारी मोडून हिशेब मागता येतो. मी तो धागा धरला. पण भागीदारी होती हे सिद्ध कशाने करायचं?

तिच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक वही, मिरची, धने, दगडफूल किती आणलं ते तिच्या अक्षरात लिहिलेली. आणि एक जुना फोन, काच तडकलेला. त्यात दिराने पाठवलेल्या ऑर्डरी होत्या. "पाच किलो येसर, पुणे." "या महिन्याचे तुझे इतके झाले." हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. आणि तो फोन ती मोडीत घालायला निघाली होती!

इथे आपल्या मराठवाड्यातलाच एक निकाल उपयोगी पडतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२० साली निकाल लागला की अशा चित्रीकरणाची, संदेशांची नुसती प्रत देऊन भागत नाही, तिच्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र पाहिजे. मात्र मूळ यंत्रच कोर्टात आणलं, आणि ते ज्याच्या मालकीचं आहे किंवा जो ते वापरतो त्याने साक्षीला उभं राहून सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. मालकीचं किंवा वापरातलं, हे लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातही प्रमाणपत्र आहेच, आणि आता त्याचे दोन भाग आहेत, एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

तेव्हा स्क्रीनशॉट काढून तो एकमेकींना पाठवला म्हणजे पुरावा झाला असं समजू नका. मूळ फोन जपा. संदेश पुसू नका. बदलायचाच असेल तर आधी वकिलाला विचारा.

आम्ही कोर्टापर्यंत गेलो नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. तिथे बैठका झाल्या. शेवटी दिराने काही रक्कम आणि ग्राहकांची यादी दिली. पान, नंबर आणि पाकिटावरचं नाव त्याच्याकडेच राहिलं. मी याला विजय म्हणणार नाही. तिने शून्यातून सुरुवात केली, पण या वेळी स्वतःच्या नावावर. स्कॅनर टिपला की आता तिचं नाव येतं.

आता कुणी म्हणेल, ताई, तुम्ही घरात भांडणं लावता. नवऱ्यावर, पोरावर विश्वास नाही का? विश्वास असू द्या. त्याने मदत जरूर करावी, फोटो टाकावेत, पार्सलं नेऊन द्यावीत. विश्वास आहे तर नाव बाईचं ठेवायला हरकत का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पण नाव आलं की जबाबदारीही येते, तेही ऐकून घ्या. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. घरगुती लहान उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, वर्षाला शंभर रुपये फी. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. दुसरीचा क्रमांक छापायचा नाही, मग ती सख्खी बहीण का असेना.

जीएसटीचं पाहा. आपल्या राज्यातल्या राज्यात एखाद्या मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या मार्फत माल विकणाऱ्या लहान विक्रेतीला १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. विक्री चाळीस लाखांच्या आत पाहिजे, पॅन पाहिजे आणि पोर्टलवर नाव नोंदवून एक क्रमांक घ्यावा लागतो. पण आपला भाग सरहद्दीवरचा. उदगीरहून बीदर जवळ, देगलूरहून तेलंगण हाकेच्या अंतरावर. पुण्याला मसाला पाठवला तर वेगळा नियम आणि हैदराबादला पाठवला तर वेगळा. कर लागणारा माल राज्याबाहेर विकला की पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते. पापडावर आणि वाळलेल्या चिंचेवर कर नाही. मसाल्यावर, लोणच्यावर आहे. तेव्हा काय विकतो आणि कुठे पाठवतो, हे दोन्ही सांगून सल्ला घ्या.

आणि एक उलटी गोष्ट. काही ठिकाणी नाव बाईचं असतं आणि कारभार दुसऱ्याचा. सरपंचपतीसारखंच हे. अनुदान, कर्ज मिळावं म्हणून कागदावर बाई. त्याहून वाईट म्हणजे हजार-दोन हजार देतो, तुझं खातं वापरायला दे, असं सांगत फिरणारे. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदार बाईच्या दारी. पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणालाही भाड्याने द्यायचं नाही. नाव आपलं आणि पिनही आपलाच, तेव्हाच ते नाव खरं.

आपली चूक नसतानाही खातं अडकू शकतं. एका गटाला एका अनोळखी गिऱ्हाइकाने पैसे पाठवले, ते कुठल्याशा फसवणुकीतले निघाले, आणि बँकेने गटाचं खातंच गोठवलं. त्यांनी प्रत्येक विक्रीची पावती ठेवली होती, म्हणून सुटका झाली. घरखर्चाचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. पैसे घेताना पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. आणि फसवणूक झालीच तर रडत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितका पैसा वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

पाकिटावर नंबर छापला म्हणून रात्री-अपरात्री घाणेरडे फोन येतात, हे तुमच्यापैकी कितीजणींनी सोसलंय? (बरेच हात वर.) बघा. आणि घरात सांगितलं तर उत्तर काय मिळतं? बंद कर तो धंदा. मैत्रिणींनो, बंद त्याचा फोन व्हायला पाहिजे, आपला धंदा नाही. नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क करणं, पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. अश्लील मजकूर, चित्रं पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. तुमच्या नावाने खोटं पान काढून लोकांना लुबाडलं तर कलम ६६-ड आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. धंद्याला वेगळं सिम घ्या, आपल्या नावावर, आणि तक्रारीला एकटीने जाऊ नका. चौघी मिळून जा.

खरेदीतही आपण फसतो. ऑनलाइन मागवलेली पिठाची चक्की बिघडलेली आली आणि दुकानदार म्हणतो, तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही. हे खरं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही ग्राहकच आहात. कंपनी बंगळूरची असली तरी तक्रार आपल्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. फक्त बिल आपल्या नावाचं मागा.

शेवटची गोष्ट तुमच्या लातूर जिल्ह्याची. २०२४ साली पानचिंचोली चिंच, बोरसुरी तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता कुणीही कुठलीही चिंच घेऊन त्यावर 'पानचिंचोली' लिहून फोनवर विकू शकत नाही. ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. नोंद म्हटली की आपल्याला वाटतं, ज्याची झाडं त्याचं नाव. पण चिंच फोडतं कोण? चिंचोके काढतं कोण? हात काळे-आंबट कुणाचे होतात? बायकांचे. आणि १९९९ चा हा कायदा नीट वाचला तर शेतमालाच्या बाबतीत 'उत्पादक' या शब्दात माल पिकवणाऱ्याबरोबर त्यावर प्रक्रिया करणारे आणि तो पाकिटात भरणारेही येतात. म्हणजे चिंच फोडून भरणाऱ्या बाईलाही तिथे अर्ज करता येतो. आपण मागितलं पाहिजे. न मागता यादीत नाव घालायला कुणी येणार नाही.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. सिम कुणाच्या नावावर आहे ते विचारा. स्कॅनर टिपून कुणाचं नाव येतं ते बघा. अन्न नोंदणीचा कागद काढून वरचं नाव वाचा, वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. पानाचा पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ती वही पेटीत ठेवा. आणि दोघांनी मिळून धंदा करत असाल तर कुणाचा किती वाटा, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने उभं राहून सांगायचं, काय काय सापडलं.

जाताना मी पुन्हा त्या पाचही टेबलांवर जाणार आहे. ज्या मावशी मघाशी हसल्या होत्या त्यांच्याशी बोलणं झालंय. त्यांचं खातं बँकेत आहेच, फोनला जोडलेलं नाही, एवढंच. त्यांचा मुलगाही इथेच मागे उभा आहे. चहाच्या वेळात तो जोडून देतो म्हणाला आहे. एवढं बोलून मी थांबते.