रेषेची मालकी

(लकडगंज, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानातील मुख्य भाग)

कार्टूनपटांतील वंशभेदाचा विचार बहुधा कलेच्या अंगाने होतो. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. मला तो उत्पादनखर्चाच्या अंगाने करू द्या.

१९२८ साली अमेरिकेत ह्यू हरमन या चित्रकाराने 'बॉस्को' हे पात्र आपल्या मालकीचे म्हणून सरकारदरबारी नोंदवले. नोंदीत त्याचे वर्णन 'नीग्रो मुलगा' असे आहे. त्या देशात माणसाची मालकी १८६५ साली कायद्याने संपली होती. दोन वर्षांनी हाच बॉस्को वॉर्नर कंपनीच्या कार्टूनमालिकेचा नायक झाला.

सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सात मिनिटांच्या पटाला दहा हजारांवर. इतके काम पगारी चित्रकारांकडून मुदतीत उरकून घ्यायचे, तर प्रेक्षकाला क्षणात ओळखू येईल असा तयार चेहरा हवा. तो रंगभूमीवर आयता होता. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करीत, तो 'मिन्स्ट्रेल' खेळ. (त्याला तमाशा म्हणणे आपल्या कलावंतांवर अन्याय होईल.) जाड ओठ, गरगरीत डोळे, पांढरे हातमोजे हे सारे तिथूनच उचलले गेले. कारखानदाराला चेहरा स्वस्त पडला. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना दक्षिणेतील चित्रपटगृहांत खाली बसण्याचीही मुभा नव्हती.

'टॉम अँड जेरी'तील काळी मोलकरीण आपण पाहिलेली आहे. म्हणजे तिचे पाय पाहिले आहेत. १९४० ते १९५२ तिला आवाज देणाऱ्या लिलियन रँडॉल्फ यांचे नाव पडद्यावर येत नसे. काळ्यांच्या संघटनांनी आक्षेप घेतले, ते रास्तच होते. पण साठीच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काय केले गेले? काही पटांत त्याच जागी गोरी मोलकरीण रेखाटली आणि आवाजही गोऱ्या नटीचा घातला. याला मी सुधारणा म्हणत नाही. अपमानाबरोबर त्या बाईची रोजीही पुसली गेली. १९६८ साली वॉर्नरचे अकरा पट प्रक्षेपणातून काढून टाकले, तो मार्गही सोयीचाच.

आता आपल्या घरात येऊ. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्याच महाराष्ट्रात १९६४ पासून मुंबईहून 'इंद्रजाल'चा वेताळ निघू लागला आणि मुलांनी त्याची पारायणे केली. मुखवटा घातलेला गोरा पुरुष पिढ्यान्‌पिढ्या काळ्यांच्या जंगलाचा न्याय करतो, आणि त्याच्या निष्ठावंत ठेंगू जमातीचे नाव 'बांदार'! हिंदीच्या शेजारी राहणाऱ्या नागपूरकराला त्याचा अर्थ सांगायला नको. १९६७ मध्ये आलेली 'अमर चित्र कथा' तर सर्वस्वी स्वदेशी. तिच्या कित्येक अंकांत देव गोरे वा निळे आणि राक्षस काळे, दांडगे. येथे परकीयांना दोष कसा द्यावा?

हे अंक शाळेच्या कपाटांतून रद्दीत घालू नका. शिक्षकांनी ते वर्गात उघडावेत आणि मुलांना एवढेच विचारावे: कोणाला कोणता रंग दिला आहे, कोण हुकूम सोडतो आहे, आणि कोणाच्या तोंडी एकही वाक्य नाही? उत्तरे फळ्यावर लिहावीत. त्यात आपल्या गल्लीतली नावे निघाली, तर तीही लिहावीत.