काठावरचा माणूस

(परतवाड्यातील युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगितलं होतं, सलोखा या विषयावर बोला. मी मोटारपंप दुरुस्त करणारा माणूस आहे. सलोख्यावर काय बोलायचं ते मला उमगलं नाही. विहिरीवर मात्र मी तासभर बोलू शकतो, म्हणून आज विहिरीवर बोलतो.

गेली अकरा वर्षं, दिवाळी झाली की होळीपर्यंत, फजरची नमाज पढून मी सायकल काढतो आणि गावाबाहेर एका संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर पोहायला जातो. आम्ही सात जण. बागवाले दादा, मिलमधून निवृत्त झालेले फिटरकाका, एक मास्तर, एक कंपाउंडर, एक दूधवाला, माझा मावसभाऊ आणि मी. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. मी तिथं मोटार काढायला गेलो होतो, आत पोहणारी माणसं दिसली आणि कपडे काढले. एवढंच.

तुम्ही म्हणाल, थंडीत पहाटे पाण्यात? अरे, थंडी बाहेर असते. विहिरीचं पाणी जमिनीतलं. ते उन्हाळ्यात तापत नाही आणि हिवाळ्यात गारठत नाही, बाराही महिने साधारण एकसारखं राहतं. बाहेर दहा अंश असले की तेच पाणी कोमट लागतं, वरून वाफ निघताना दिसते. खरी परीक्षा बाहेर येताना होते. चिखलदऱ्याकडून वारं येतं आणि ओल्या अंगाला अस्सं झोंबतं की माणूस कलमा विसरेल. मग पऱ्हाट्यांची शेकोटी, स्टीलच्या डब्यातला चहा, आणि आंबिया बहाराचे दिवस असले तर झाडावरचं संत्रं.

आता मुद्द्याचं. विहिरीत पोहणाऱ्याला पाण्याइतकाच धोका विजेचा असतो. आत मोटार सोडलेली असते, केबल कुठं सोललेली असेल सांगता येत नाही. त्यातून शेतीची लाइन कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवतात. लाइन आली की मोटार आपोआप चालू. म्हणजे तुम्ही मजेत हात मारताय आणि एकाएकी तीन फेजचा करंट. असे जीव गेलेले आहेत. माझ्या धंद्यात हे ऐकल्याशिवाय वर्ष जात नाही.

म्हणून पहिल्याच हिवाळ्यात मी नियम घातला. स्टार्टरच्या पेटीतले तीनही फ्यूज, ज्यांना आपण किटकॅट म्हणतो, काढायचे आणि एकानं खिशात ठेवायचे. त्यानं त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. दोर घेऊन काठावर बसायचं आणि डोकी मोजायची. रोज एकाची पाळी, भिंतीवर कोळशानं यादी. सगळे मजा करत असताना थंडीत कुडकुडत बसायचं, म्हणजे सर्वात वाईट काम. पण त्याच्याशिवाय कोणी उडी मारत नाही. उडी मारण्याआधी प्रत्येक जण वर बघून विचारतो, “फ्यूज कोनाजवळ हाये?” काठावरचा खिसा वाजवून सांगतो, “माह्याजवळ.” मगच उडी. डोळ्यांनी फ्यूज काढलेले पाहिले असले तरी विचारायचं.

कोरोनाच्या आधीच्या एका डिसेंबरात आम्ही तिघं मालवणला गेलो होतो. तिथं चिवला बीचवर दर डिसेंबरात समुद्रात पोहण्याची राज्यस्तरीय स्पर्धा भरते. लहान पोरांपासून सत्तरीतल्या आज्यांपर्यंत माणसं येतात, दिव्यांग येतात. आम्ही वऱ्हाडी, समुद्र पहिल्यांदा बघणारे. मास्तर म्हणाले, आपल्या सापन-बिच्छनचं पाणी पूर्णेतून तापीत आणि तापीतून सुरतेकडे याच समुद्रात येतं, आपल्या आधी पोचलंय. खाऱ्या पाण्यात अंग हलकं होतं, विहिरीपेक्षा तरंगणं सोपं. पण काठ कुठंच नाही, आणि लाट तोंडात. मी एक किलोमीटर कसाबसा केला. दंडावर मार्करनं नंबर लिहिला होता. आत जाताना टिपला, बाहेर येताना टिपला. सोबत होड्या. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत होड्या हलल्या नाहीत. म्हणजे तिथंही काठावरचा माणूस होताच, फक्त होडीत बसलेला.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये अचलपूरला झेंड्यावरून वाद झाला, दगडफेक झाली, अचलपूर आणि परतवाडा दोन्हीकडे संचारबंदी लागली. ते दिवस तुम्ही घरात बसून काढले आहेत. आमच्या सात जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. कंपाउंडरनं त्यावर एक व्हिडिओ टाकला. मी त्याच्या उत्तरात जे लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. नंतर मी ते पुसलं, पण सगळ्यांनी वाचलेलं होतं. माझा मावसभाऊ ग्रुपमधून बाहेर पडला, मागोमाग मीही. सात महिने कोणी कोणाला फोन केला नाही. रस्त्यात दूधवाला दिसला तर मी समोरच्या पाट्या वाचायचो.

दिवाळीनंतर बागवाल्या दादांचा फोन आला: मोटार जळाली. धंदा आहे, गेलो. मोटार वर काढली, वाइंडिंग करून आणली, सोडली. पैसे देताना दादा म्हणाले, “सोमवारपासून येता ना भाई?” मी म्हटलं, बघतो.

सोमवारी गेलो. का गेलो, आजही नीट सांगता येत नाही. पाठदुखीसाठी, असं बायकोला सांगितलं होतं. भिंतीवरची यादी मागच्या होळीला जिथं थांबली होती तिथूनच पुढं चालू होती, आणि पाळी होती कंपाउंडरची. तो दोर घेऊन बसलेला. मी पायरीवर उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो. फिटरकाका पाण्यातून ओरडले, “काहून बे, हात आखडले काय?” मी वर बघितलं आणि विचारलं, “फ्यूज कोनाजवळ हाये?” त्यानं खिसा वाजवला. “माह्याजवळ.” मी उडी मारली.

गळाभेट वगैरे झाली असं समजू नका. चहा मुकाट्यानं झाला. आठवडाभरानं शेकोटीजवळ विषय निघाला आणि चांगलं भांडण झालं. तो म्हणाला, तुमच्या पोरांनी सुरुवात केली. मी म्हटलं, तुमच्या. आमचं त्यावर अजून एकमत नाही. पण व्हिडिओ त्यानं तपासून बघितला नव्हता हे त्यानं कबूल केलं, आणि मी लिहिलं ते लिहायला नको होतं हे मी. मावसभाऊ मात्र परत आला नाही. त्याचं दुकान बंद राहिलं होतं, त्याच्या मुलाला चौकशीला नेलं होतं. तुला जमतं, मला जमत नाही, असं तो म्हणतो. मी त्याला दोष देत नाही. यादीत त्याचं नाव आहे, दादांनी पुसू दिलेलं नाही.

मास्तर त्या हिवाळ्यात एक गोष्ट सांगायचे. इंग्लिश खाडी पोहून जाणारा पहिला आशियाई माणूस ब्रोजेन दास; ढाक्याकडचा हिंदू, १९५८ साली पाकिस्तानकडून पोहला. पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी त्यानं आयोजकांना एका भारतीय मुलीचं नाव सुचवलं: कलकत्त्याची आरती साहा. २९ सप्टेंबर १९५९ ला ती खाडी पार करणारी पहिली आशियाई स्त्री झाली.

आता तुमच्याकडे का आलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या मोहल्ल्यातला दहावीतला पोरगा धरणाच्या पाण्यात गेला. सोबत तीन मित्र, चौघांनाही पोहता येत नव्हतं. त्याच्या आजोबांनी माझ्या अब्बांना पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. एका घरात दोन पिढ्यांत हे कसं झालं? अचलपूर, चांदूरबाजार, मोर्शी, वरुड, हा सगळा संत्र्याचा पट्टा. पाणी खोल गेलं, विहिरी आटल्या, बोअर आले. बोअरमध्ये पोहता येत नाही. माझं घर बोअरच्या मोटारींवरच चालतं, तेव्हा मी कोणाला नावं ठेवू? आमची विहीर नदीच्या अंगाला आहे म्हणून टिकली. देशात २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी ३६ हजारांहून जास्त माणसं बुडून मेली.

आणि मुली? मुलींना तर कोणी डबाही बांधला नाही. कपड्यांचं कारण सांगू नका. २००५ च्या डिसेंबरात सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर दंगल झाली. आधी काही तरुणांनी जीवरक्षकांना मारलं होतं, मग जमावानं अरब दिसेल त्याला मारलं. त्यानंतर तिथल्या जीवरक्षक संघटनेनं मुस्लीम तरुण-तरुणींना बोलावून प्रशिक्षण दिलं. मेक्का लाला नावाची मुलगी २००७ मध्ये अंगभर पोहण्याचा वेश घालून जीवरक्षक झाली. ती किनाऱ्यावरची काठावरची माणूस.

दादांशी बोललो आहे. रविवारी सकाळी साडेसहा ते आठ मुलं. साडेनऊनंतर मुली, त्या वेळी आम्ही पुरुष बागेच्या फाटकाबाहेर. काठावर वहिनी बसतील, त्या लहानपणी पूर्णेत पोहलेल्या आहेत, फ्यूज त्यांच्याजवळ. सलवार-कमीज चालेल, ओढणी मात्र बाहेर ठेवायची. घरून विचारून या. डबे आमच्याकडे नऊ आहेत, मी स्वतः झाळून बंद केलेले. दहावा कोणी आणला तर बरं होईल.