नववधूच्या झग्याची लांबी



महोत्सवाच्या प्रसंगीं झग्याविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु लग्न ठरलें कीं भोईवाड्यांत घरोघरीं हाच वाद माजतो : झगा घोट्यापर्यंत असावा, कीं भुईवर लोळणारा?

वसईकडील आपल्या आज्या-पणज्या तांबडें लुगडें नेसून वेदीपुढें उभ्या राहिल्या. त्याची कड घोट्यांच्या वर असे. पांढऱ्या झग्याची चाल १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीच्या विवाहानंतर युरोपांत बळावली व पुढें आपणांकडे आली. १९८३ च्या धर्मसंहितेचें १०५७ वें कलम सांगतें कीं विवाह होतो तो उभयतांच्या संमतीनें. झग्याचें माप तींत नाहीं.

एका वधूचा पाय वेदीच्या पायरीवर स्वतःच्याच झग्यांत अडकलेला मीं पाहिला आहे. त्या झग्यासाठीं बापानें कर्ज काढिलें होतें, हें मागाहून कळलें.

म्हणून मुलींनो, लग्नांतील पादत्राणें घालूनच माप द्या. पुढील कड भुईपासून बोटभर वर असूं द्या. गुडघे टेकून, चाळीचा जिना चढून पाहा. बापाच्या ऐपतीपलीकडे एक वारही कापड नको. निर्धास्त मनानें वेदीपर्यंत चालतां यावें, इतकी लांबी पुरे.

देव आपणां सर्वांचें कल्याण करो.