गोठ्यातली कर्तबगार बाई : ॲना बाल्डविन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज प्रत्येकीने एका कर्तबगार स्त्रीविषयी चार शब्द बोलायचे असे ठरले आहे. सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी यांच्याविषयी माझ्या मैत्रिणी माझ्यापेक्षा चांगले बोलतील. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु लग्न होईपर्यंत माहेरच्या गोठ्यात मी रोज दोन वेळा धारा काढल्या आहेत. म्हणून मी गोठ्याच्या कामातलीच एक बाई निवडली. तिचे नाव ॲना बाल्डविन. ती अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरची.

ज्यांनी धार काढली आहे त्यांना हे काम किती कष्टाचे ते सांगायला नको. दोन-तीन जनावरे झाली की अंगठे आखडतात, मनगटे भरून येतात. शिवाय दूध उघड्या चरवीत पडते. त्यात शेणाचा शिंतोडा, जनावराचा केस, आपल्या हाताची घाण, काय पडेल याचा नेम नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही असेच चाले. शहरे वाढली, दुधाची मागणी वाढली, पण धार हातानेच काढायची.

ॲनाबाईने त्यावर तोडगा काढला आणि १८७९ साली सरकारकडून त्याचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे ‘ही युक्ती हिची आहे’ असा सरकारी दाखला. यंत्राचे नाव होते आरोग्यदायी हातमोजा. गाईच्या कासेला बसेल असा रबराचा मोठा पेला, त्याला जोडलेला हाताने हलवायचा पंप, आणि बादली. दांडा वरखाली केला की पंप दूध ओढून घेई आणि ते बादलीत पडे. दुधाला हात लागायला नको, हा त्यातला मुख्य विचार. दूध काढण्याच्या यंत्राची अमेरिकेतली अगदी सुरुवातीची जी पेटंटे आहेत, त्यांत हिचे नाव आहे.

आता खरे ते सांगायला हवे. हे यंत्र चालले नाही. पंप एकसारखा ओढत राही. आपण वासराकडे पाहिले आहे ना? ते ओढते, क्षणभर सोडते, गिळते, मग पुन्हा ओढते. मध्येच ढुशी मारते. त्या सोडण्यात सडाला विसावा मिळतो. नुसते ओढतच राहिले तर रक्त सडाच्या टोकाशी उतरते, सूज येते, आणि गाय लाथ मारते. त्या काळच्या ओढणाऱ्या सगळ्याच यंत्रांचा हा दोष होता. हिच्या आधी १८६० साली कोल्विन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने असे यंत्र केले, त्याचीही तीच गत झाली.

पुढे १८९५ साली स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथील शील्ड्स यांनी ओढणे मधूनमधून थांबेल अशी सोय केली. नंतर ऑस्ट्रेलियातल्या गिलीज यांनी दुहेरी पेला केला. आत रबर, बाहेर कडक नळी. दोन्हींमधली हवा कमीजास्त होते, आणि रबर सडाला दाबते, सोडते. आजच्या यंत्रात चार सडांना चार पेले असतात आणि मिनिटाला साधारण साठ वेळा दाबणे-सोडणे होते. म्हणजे यंत्र शेवटी वासराकडूनच शिकले! पण ओढून दूध काढता येईल आणि ते हात न लावता भांड्यात नेता येईल, या वाटेवर ॲनाबाई फार आधी चालून गेली होती.

कोणी म्हणेल, यंत्र फसले, मग तिची आठवण कशाला? त्याचे उत्तर असे, की तिने युक्ती कागदावर मांडली आणि खाली स्वतःचे नाव घातले. न्यू जर्सीत लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिच्याच नावे राहावी असा कायदा १८५२ साली झाला. मतदानाचा हक्क तर अमेरिकन बायकांना १९२० साली मिळाला. अशा काळात तिने नाव नोंदवले, म्हणून आज मी ते तुमच्यापुढे घेऊ शकते.

आपल्याकडे काय दिसते? पुष्कळ घरांत चारा, पाणी, शेण, धार सगळे बाई करते आणि डेअरीच्या पुस्तकावर नाव मालकांचे असते. माझी आई कासेला हात लावताच गाय आजारी पडणार हे ओळखी. ते ज्ञान कोठेही लिहिलेले नाही. ती गेली, तिच्याबरोबर तेही गेले. आपल्याच एका भगिनीने कुरडयांच्या सोऱ्याच्या मुठीला अशी काही चिंधी गुंडाळली आहे की हात सोलवटत नाहीत. सगळी गल्ली आता तसेच करते. पण युक्ती कोणाची, हे पुढच्या उन्हाळ्यात कोणाला आठवेल?

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. एक जाड वही घालावी. ज्या भगिनीने घरकामात, शिवणात, गोठ्यात काही नवे केले असेल, तिने ते त्यात लिहावे. तारीख घालावी आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहावे. युक्ती फसली असली तरी लिहावी. कोठे अडले ते कळले की दुसरी पुढे जाईल. लिहिता येत नसेल तिचे मी लिहून देईन. वहीचा खर्चही माझ्याकडे.