आग बाहेर, ऊब घरात

थंडीचे दिवस आले की वर्तमानपत्रांत निफाडचे नाव हटकून येते. पारा चार-पाच अंशांवर उतरला की तिकडच्या द्राक्षबागाईतदारांची झोप उडते. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, आणि ऊन वर येईपर्यंत धुराची चादर वेलींवर पसरून राहते. आपली थंडी ती एवढी. घोंगडी, शेकोटी आणि न्हाणीतला बंब एवढ्यावर ती निभावून जाते. पण जिथे पारा शून्याच्याही खाली वीस-वीस अंश जातो आणि हिवाळा चार-पाच महिने हलत नाही, तिथली माणसे घर ऊबदार कसे ठेवतात? आज त्याविषयी बोलायचे आहे. विषय परमुलखाचा आहे, पण माझा रोख आपल्या घरातल्या शेगडीवर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेत कॅनडाच्या सीमेला लागून मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथल्या टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा शून्याखाली ५१ अंशांवर गेला होता. एवढी थंडी काही दरवर्षी पडत नाही. पण जानेवारीच्या रात्री शून्याखाली वीस अंश म्हणजे तिथे कुणी बोलूनही दाखवत नाही. माझा एक भाचा त्या राज्याच्या उत्तर भागात नोकरीला असतो. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतच, मी त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. एका वृद्ध शेतकऱ्याच्या आवारात त्याचे भाड्याचे घर आहे. बाहेर गुडघाभर बर्फ. दार उघडून आत गेलो, आणि आत फाल्गुनातल्या दुपारसारखी ऊब! मी इकडेतिकडे पाहिले. चूल नाही, शेगडी नाही, धुराचा वासही नाही.

मी विचारले, "अरे, विस्तव कुठं आहे?"

भाचा हसला. म्हणाला, "मामा, विस्तव बाहेर आहे. सकाळी दाखवतो."

सकाळी आम्ही निघालो. घरापासून शंभरएक फुटांवर पत्र्याची एक खोपटी होती. लांबून पाहिली तर आपल्या शेतातली पंपाची खोली वाटावी. वर आखूड धुराडे. घरमालक हातमोजे घालून आले आणि त्यांनी लोखंडी दार उघडले. आत माझ्या मांडीएवढे ओंडके जळत होते. मी त्या भट्टीभोवती एक फेरी मारली, तिची रचना विचारून घेतली, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, हा तर आपला बंब!"

आणि खरोखरच तो बंब होता. तांब्याचा बंब आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होता, काहींच्या घरी अजून असेल. मधल्या नळीत ढलप्या, गोवऱ्या पेटवायच्या; नळीभोवती पाणी; खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. या भट्टीतही तेच. मधे आग, आगीच्या पेटीभोवती पाण्याचे वेष्टण. फरक आकारात आहे. आपल्या बंबात दोन-तीन बादल्या पाणी मावते, तिथे शेकडो लिटर, आणि मोठ्या भट्टीत हजाराच्याही वर. हे पाणी उकळू देत नाहीत. साधारण ऐंशी अंशांपर्यंत तापवतात. मग विजेचा एक छोटा पंप ते जमिनीत खोल पुरलेल्या, ऊबदार आवरणाच्या नळ्यांतून घरात नेतो. घरात ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखी जाळी असते. ट्रॅक्टरमध्ये गरम पाणी जाळीतून फिरते आणि पंखा त्याची उष्णता हवेत सोडतो, होय ना? तसेच इथे. फक्त ट्रॅक्टरला ती उष्णता नकोशी असते, आणि घराला हवीशी असते. निवलेले पाणी दुसऱ्या नळीने परत भट्टीकडे जाते. काही घरांत हेच पाणी फरशीखालून फिरवतात.

सोय मोठी खरी. घरात ठिणगी नाही, राख नाही, सालपटांचा केर नाही. ओंडके दिवसातून दोनदा घातले की झाले. एका भट्टीवर घर तापते, गोठा तापतो, आंघोळीचे पाणीही तापते. ज्याच्या रानात लाकूड आहे त्याला तेल किंवा गॅस विकत घ्यावा लागत नाही. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, न्यूयॉर्क, व्हरमाँट अशा थंड राज्यांच्या खेड्यांत या भट्ट्या पसरल्या त्या यामुळेच. मीही मनात म्हटले, काय छान युक्ती आहे! आग बाहेर आणि ऊब घरात.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरी बाजू दिसली. वारा पडला होता. धुराड्यातून निघालेला दाट, पांढुरका धूर वर गेलाच नाही. तो जमिनीलगत पसरला आणि हळूहळू रस्त्यापलीकडच्या घराकडे सरकला. निफाडच्या बागांवर पहाटे दिसते तीच ही चादर. थंड रात्रीनंतर जमिनीजवळची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते. त्यामुळे खालचा धूर वर चढत नाही, जणू झाकणाखाली कोंडला जातो. त्या पलीकडच्या घरात दम्याचा एक मुलगा होता. त्याची आई घरमालकांकडे आली. भांडायला नव्हे, सांगायला. म्हणाली, चार दिवस झाले, पोर रात्री उठून बसतं आहे. म्हातारेबुवा खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांच्या घरात धुराचा कणही नव्हता, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता!

श्रोतेहो, आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट ही आहे. आग घराबाहेर नेली म्हणजे धूर नाहीसा होत नाही. तो फक्त आपल्या घरातून शेजाऱ्याच्या घरी जातो. धूर नाहीसा करायचा तर आधी धूर म्हणजे काय ते समजले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवा. वारा नसलेल्या जागी मेणबत्ती लावा. ती चांगली जळू लागली की हलकेच विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढेल. पेटती काडी वातीला न लावता, दोन बोटे वर, त्या धुराच्या रेघेला लावा. ज्योत धुरातून खाली उतरेल आणि वात पुन्हा पेटेल. मुले टाळ्या पिटतील. मग त्यांना विचारा, ज्योत धुरातून उतरली कशी? कारण तो धूर म्हणजे न जळलेले मेणच होते. तसाच लाकडाचा धूर म्हणजे बव्हंशी न जळलेले लाकूड. लाकूड तापले की त्यातला मोठा भाग आधी वायूरूपाने बाहेर पडतो. त्या वायूंना भरपूर हवा आणि सहाशे अंशांच्या आसपास किंवा अधिक तापमान मिळाले तर ते ज्वाळा होऊन जळतात. नाही मिळाले तर धूर होऊन निघून जातात. म्हणजे धुराड्यातून आपले सरपणच हवेत जाते, आणि जाताजाता कुणाच्या तरी छातीत शिरते.

आता त्या भट्टीत काय होत होते ते पाहा. पेटीच्या भिंतींपलीकडे पाणी, म्हणून भिंती कधी फार तापत नाहीत. कागदाच्या द्रोणात पाणी घालून खाली ज्योत धरली तर द्रोण जळत नाही, तेच कारण. शिवाय पाणी पुरेसे तापले की हवेची झडप आपोआप मिटते आणि ओंडके नुसते धुमसत राहतात. गार भिंती आणि कोंडलेली हवा, दोन्ही गोष्टी धुराला अनुकूल! त्यात तिसरी भर ओल्या लाकडाची. घरमालकांनी त्या वर्षी लाकूड उशिरा, पानगळीत तोडले होते.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात पुष्कळदा निम्म्याच्या आसपास पाणीच असते. साधा हिशेब करू. दहा किलो ओले लाकूड भट्टीत टाकले, त्यात पाच किलो पाणी. एक किलो गार पाण्याची वाफ करायला सुमारे सहाशे किलोकॅलरी उष्णता लागते. पाच किलोला तीन हजार. एवढ्या उष्णतेत वीस-वीस लिटरच्या दोन बादल्या पाणी कढत झाले असते. आपण ती ओलावा उडवण्यात घालवली, आणि वर आग थंड करून धूर वाढवला तो निराळाच. आपल्या आज्या आगोटीपूर्वी सरपण भरून का ठेवत असत, ते या हिशेबावरून कळते.

अमेरिकेतही हा प्रश्न शेजाऱ्यांच्या भांडणांतून सरकारापर्यंत गेला. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये कारखानदारांना कमी धुराच्या भट्ट्या करायला स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन केले. २०१५ मध्ये नव्या भट्ट्यांसाठी कायद्याने धुराची मर्यादा घातली, आणि २०२० पासून ती आणखी कडक केली. त्यामुळे बनावट बदलली. नव्या भट्टीत वरच्या पेटीत लाकडातून निघालेले वायू खालच्या, उष्णता धरणाऱ्या मातीच्या कोठीत नेऊन तिथे भरपूर हवेत जाळतात. मात्र आधी बसवलेल्या जुन्या भट्ट्यांना ही मर्यादा लागू नाही. कायदा पुढचे पाहतो. जुन्या धुराचा बंदोबस्त माणसाने स्वतः करायचा असतो.

जुन्या लोकांनाही यातले मर्म ठाऊक होते. काश्मीरमध्ये हमाम नावाची खोली असते. तिची जमीन दगडी फरशांची, खाली पोकळ. त्या पोकळीत लाकडे पेटवतात, पण तिचे तोंड बाहेरच्या बाजूला असते. कोरियातही फरशीखालून धूर आणि उष्णता खेळवून घर तापवण्याची पद्धत फार जुनी आहे. तिला ओंदोल म्हणतात. दोन्हींत आग बाहेर आहे, आणि आणखी एक शहाणपण आहे. दगड उष्णता साठवून ठेवतात. म्हणून आग दिवसभर धुमसत ठेवण्याची गरज नाही. थोडा वेळ चांगली फडफडती आग करायची, आणि मग दगडाची ऊब तासन् तास घ्यायची. हल्ली काही ठिकाणी बाहेरच्या भट्टीला पाण्याची मोठी टाकी जोडतात, तीही यासाठीच.

असो. आता मी आपल्या घरी येतो.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना माझी थोरली बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पौषाचे दिवस होते. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीचे दार लावलेले, खिडकीच्या फटींत चिंध्यांचे बोळे, आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. ओवा-शेपाची धुरी झाल्यावर आजी म्हणाली, "धूर गेला, आता नुसते निखारे आहेत. राहू दे रात्रभर." पहाटे आईने हाक मारली तर उत्तर येईना. दार उघडले. बहिणीला उठता येत नव्हते, बोलणे बरळल्यासारखे, आणि तान्हे मूल मलूल पडलेले. वडिलांनी बहिणीला आणि आईने बाळाला उचलून तशा थंडीत अंगणात आणले. डॉक्टर आले. दोघेही वाचली. आमच्या आजीने त्यानंतर शेगडीला हात लावला नाही. तिची माया कमी नव्हती. तिला एक गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती, एवढेच.

ती गोष्ट अशी. धूर नसला म्हणजे धोका नसतो असे नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि माणूस समजतो, झोप येते आहे. धूर निदान डोळ्यांत पाणी आणून इशारा तरी देतो. हा वायू तेवढेही करत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. बंद खोलीत शेगडी, घमेल्यातले निखारे किंवा पेटता बंब ठेवून कुणीही झोपू नका. खोली तापवायचीच असेल तर जागेपणी, खिडकी उघडी ठेवून तापवा, आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर अंगणात काढा. बाळंतिणीला ऊब हवीच. ती गरम पाण्याच्या पिशवीने द्या, गोधडीने द्या. शेगडीच्या खोलीत कुणाचे डोके जड झाले तर लगेच त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर फोन करून दवाखान्यात न्या.

आणि गुरुजनांना एक विनंती. शाळेत बाभळीचा एक ताजा ओंडका आणा. वजन करून तारीख खडूने त्यावर लिहा. दर शनिवारी मुलांकडून पुन्हा वजन करवा. वजन उतरायचे थांबेपर्यंत ही नोंद चालू ठेवा. सुकलेले सरपण म्हणजे काय, हे ती मुले जन्मभर विसरणार नाहीत, आणि घरी जाऊन आईलाही सांगतील.

त्या दिवशी अंगणात आणलेले ते तान्हे मूल म्हणजेच माझा मिनेसोटातला भाचा. परवा त्याचा फोन आला होता. घरमालकांनी लाकडासाठी छपराची खोपटी बांधली आहे, यंदाचे लाकूड मागच्या वर्षीच तोडून ठेवले होते, आणि धुराडेही उंच केले आहे. मी विचारले, "मग धूर गेला का?" तो म्हणाला, "सगळा नाही गेला, मामा. भट्टी जुनीच आहे. पण पलीकडचा मुलगा रात्री झोपतो आता."