सत्तरीतली ठेव
(ज्येष्ठांच्या मेळाव्यातील मनोगत)



मी मूळचा आंधळगावचा. तिथे कोशाचे हातमाग. म्हातारी माणसंही दिवसभर माग चालवायची. मी मात्र बँकेच्या खुर्चीत जन्म काढला. दोन वर्षांपूर्वी गावी लग्नाच्या पंगतीत बसलो, तर उठताच येईना. नातवानं हात दिला. फार वाईट वाटलं.

वयानुसार स्नायू झिजतात, पण व्यायामाला दाद देणं सोडत नाहीत. १९९० साली बोस्टनमध्ये सरासरी नव्वदीच्या अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

भगिनींनो, हे फक्त पुरुषांचं काम नव्हे. पुरुषाचा स्नायू मुळात मोठा, म्हणून वाढ मोठी दिसते. टक्केवारीत बाई मागे नसते. मुद्दल वेगळं, व्याजाचा दर जवळपास तोच! पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात, म्हणून तुम्हाला तर जास्तच गरज.

आम्ही दोघं डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस करतो, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलतो. यंदा पंगतीतून मी आपला आपण उठलो. नातू बघतच राहिला!