पडीक नव्हे, सजीव माळ



मनुष्य निसर्गाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे त्याने भूमीला दिलेल्या नावांवरून कळते. सोलापूरभोवतीच्या गवताळ भूमीस शेतकरी व गुराखी ‘माळ’ म्हणत आले. व्यवहाराच्या भाषेत तीच ‘पडीक’ ठरली. पीक नाही, म्हणजे काहीच नाही, असा या शब्दाचा अर्थ. जैन दर्शनाने मात्र पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय व वनस्पतिकाय यांना एकेंद्रिय जीव मानले आहे. या जीवविचारात ‘पडीक’ या शब्दाला कोठेच स्थान नाही.

सोलापूर-बार्शी मार्गावरील नान्नजचा माळ हे याचे जवळचे उदाहरण होय. येथील माळढोक पक्ष्यांकडे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात शासनाचे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. हा देशातील सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डॉ. सालिम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचाच आग्रह धरला होता, परंतु १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोराचे गळून पडलेले पीस दिगंबर मुनींच्या पिच्छीत असल्याने समाजाला तो परिचित व पूज्य. माळढोक मात्र अनोळखीच राहिला.

वस्तुतः पिच्छीचा हेतू आणि माळढोकाचे जीवन यांचा संबंध फार जवळचा आहे. बसण्यापूर्वी भूमी हळुवार झाडावी, चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरलेली असते, म्हणून चातुर्मासात साधूंनी विहार थांबवावा, हा नियम. याच पावसाळ्यात माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, घरट्याचा आडोसाही न करता, बहुधा एकच अंडे घालते. गुरांचा खूर, मोटारीचे चाक वा भटके कुत्रे, यांपैकी काहीही त्या वर्षाची वीण संपवू शकते. जमीन पाहून चालण्याचा उपदेश येथे अक्षरशः लागू पडतो.

श्रावकांची करुणा पांजरपोळात दिसते. डोळ्यांसमोरचा जखमी पशू तिला जागे करतो, आणि ही परंपरा अभिमानास्पद आहे. तथापि ज्याचे दुःख दिसत नाही, त्या जीवाबाबत ती बरेचदा मौन राहते. माळावर झाडे लावणे हेही असेच. वृक्षारोपण पुण्यकर्म खरेच. पण गवताळ भूमीवर दाट झाडी उभी राहिली, की दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या माळढोकाचे घर जाते. चांगल्या हेतूनेही हिंसा घडू शकते, हे प्रमादाचा विचार करणाऱ्या समाजाला निराळे सांगावयास नको.

दुसरी बाजूही न्याय्य आहे. मूळ अभयारण्य तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते, वस्त्या आल्या आणि जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडले. ज्याची चार एकर कोरडवाहू जमीन हेच सर्वस्व, त्या शेतकऱ्याला माळढोक हा शत्रू वाटू लागला, यात नवल नाही. शहरातील माणसाने करुणा बाळगावी आणि तिची किंमत खेड्याने द्यावी, हा अपरिग्रह नव्हे. २०१२ च्या सुमारास क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. मधल्या काळात मने दुरावली, ती दुरावलीच.

पक्षीही राहिले नाहीत. नान्नजची संख्या एकेरी आकड्यावर आली, पुढे एखाददुसरा पक्षी दिसला तरी ती वार्ता होऊ लागली. २०११ मध्ये माळढोक जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला गेला. आज उरलेले बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे वीजवाहक तारांवर आदळून ते मरतात, कारण त्यांना समोरचे नीट दिसत नाही. जैसलमेर जिल्ह्यातील केंद्रांत अंडी उबवून पिल्ले वाढविली जात आहेत. ती मोठी होऊन कधी महाराष्ट्रात सोडावयाची म्हटली, तर त्यांना मोकळे गवत लागेल. नान्नजला ते अजून आहे. त्यावर काळवीट चरतात, लांडगे फिरतात आणि पावसाळ्यात टिटवी आपली अंडी खड्यांमध्येच घालते.